इंधनघटाचे पॅकिंग : १८३९च्या दोन शोधांची गोष्ट

नगर शहरातून मनमाड रस्त्याने निघाले, की सीना नदीचा पूल ओलांडल्यावर नागापूर लागते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले हे गाव आज ओळखले जाते ते तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे. काही वर्षांपूर्वी आम्ही या वसाहतीतल्या रबराचे सुटे भाग करणाऱ्या एका लहानशा शेडमध्ये गेलो होतो. आमच्याजवळ एक नकाशा होता. एक आयताकृती चौकट, तिच्या दोन्ही टोकांना तीन-तीन भोके आणि त्या सर्वांच्या कडेने फिरणारी जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची रबराची वरंबी. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "साहेब, हे पॅकिंग कशाचं म्हणायचं? पंपाचं?"

आम्ही सांगितले, "पंपाचे नाही, मिस्त्री. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटाचे."

मिस्त्री हसले. "म्हणजे गॅसचं. मग काम अवघड आहे. पाणी गळलं तर दिसतं तरी!"

मिस्त्रींचे हे वाक्य आम्हाला वर्ष-दीड वर्ष आधी कोणी ऐकवले असते, तर आमचे कित्येक महिने वाचले असते. ते कसे, हे पुढे सांगणार आहोत. त्याआधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांत इंधनघटाची आकृती असते. मध्ये पटल, दोन बाजूंना दोन विद्युत-अग्रे, एकीकडून हायड्रोजन, दुसरीकडून ऑक्सिजन आणि खाली बाहेर पडणारे पाणी. आकृती बरोबरच असते, पण तिच्यात एक वस्तू हमखास नसते. दोन वायू आपापल्या बाजूला का राहतात, कडेने एकमेकांत का मिसळत नाहीत, याचे उत्तर देणारी ती वस्तू म्हणजे कडेचे गॅस्केट. कारागिरांच्या भाषेत 'पॅकिंग'. या लेखात आपण इंधनघटाचा इतिहास या दुर्लक्षित कडेकडून पाहणार आहोत.

एकाच वर्षी दोन शोध

हा इतिहास सुरू होतो १८३९ साली. त्या वर्षाच्या आरंभी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन फ्रीडरिख शोनबाइन आणि वेल्समधील विल्यम ग्रोव्ह या दोघांची टिपणे एकाच इंग्रजी शास्त्रीय मासिकात एका महिन्याच्या अंतराने प्रसिद्ध झाली. विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, हे तोवर सर्वांना माहीत होते. या दोघांना त्याच्या उलट घडताना दिसले. हे दोन वायू प्लॅटिनमच्या साक्षीने एकत्र आले, की वीज मिळते. ग्रोव्ह पेशाने वकील होते आणि पुढे न्यायाधीश झाले. त्यांनी १८४२ साली असे अनेक घट जोडून 'वायूंची बॅटरी' तयार केली.

ग्रोव्ह यांच्या उपकरणाला गॅस्केट नव्हते. त्यांनी काचेच्या नळ्या पातळ केलेल्या सल्फ्युरिक आम्लात पालथ्या उभ्या केल्या होत्या. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन, प्रत्येकीत प्लॅटिनमची पट्टी आणि नळ्यांची तोंडे आम्लात बुडालेली. म्हणजे तिथे द्रवच वायूंना अडवून धरत होता. बुडबुड्याला खाली जाऊन पलीकडच्या नळीत शिरणे शक्य नव्हते. पण या सोयीची किंमतही होती. वायू, आम्ल आणि प्लॅटिनम हे तिघे जिथे एकत्र भेटतात, त्या अरुंद रेषेवरच क्रिया घडते. त्यामुळे वीज फार थोडी मिळत असे. क्रियेचे क्षेत्र वाढवायला हवे, हे ग्रोव्ह यांनीही ओळखले होते.

त्याच १८३९ साली अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स गुडइयर हा धडपड्या माणूस रबराच्या मागे लागला होता. झाडाच्या चिकापासून मिळणारे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ताठरून तडके. गुडइयर यांच्या लक्षात आले, की रबरात गंधक मिसळून ते तापवले, तर हे दोन्ही दोष जातात. रबराचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेले लांबच लांब दोरे. गंधक त्या दोऱ्यांना जागोजागी एकमेकांशी टाचतो. मग दोरे ताणले तरी निसटत नाहीत, दाब काढला की पूर्वपदाला येतात. १८४४ साली गुडइयर यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यांनी त्याच सुमारास अशीच पद्धत सिद्ध केली. रोमन लोकांच्या अग्निदेवतेवरून तिला 'व्हल्कनायझेशन' हे नाव पडले. जगाने त्यापासून टायर आणि वायसर बनवले. गुडइयर मात्र १८६० साली कर्जबाजारी अवस्थेतच वारले.

असे हे दोन शोध एकाच वर्षीचे. एक वायूंपासून वीज देणारा आणि दुसरा वायूंना अडवून धरणारा. दोघांनी एकमेकांचा हात धरायला पुढे शतकाहून जास्त काळ घेतला. तो का, हा आपल्या गोष्टीचा गाभा आहे.

रबरापूर्वीची पॅकिंगे

रबराआधी फटी बुजवण्याची विद्या नव्हती, असे मुळीच नाही. भांड्यावर झाकण ठेवून त्याच्या कडेला कणीक लावण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपल्याकडचे वैद्य भस्म करताना दोन परळ एकमेकांवर पालथे घालून त्यांच्या सांध्यावर मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळत. तिला 'कापडमाती' म्हणतात. वाफेच्या इंजिनाच्या दांड्याभोवती चरबीत भिजवलेला ताग भरत असत. पाइप जोडणारा प्लंबर आट्यांवर सुतळी आणि सफेदा लावतो. या सगळ्यांमागचे तत्त्व एकच. दोन कडक पृष्ठभाग कितीही घासले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात. मध्ये एखादा मऊ पदार्थ दाबून बसवला, की तो त्या फटींत शिरतो.

रबराचा विशेष असा, की ते फटीत शिरतेच, शिवाय सतत परत फुगायला पाहते. कणीक सुकली की भेगाळते. रबर मात्र स्वतःहून दोन्ही भिंतींवर रेटा देत राहते. हा रेटा जोवर आतल्या वायूच्या दाबापेक्षा जास्त आहे, तोवर वायू बाहेर पडत नाही. कुकरची रिंग जुनी झाली, की शिट्टीऐवजी कडेने वाफ येते, ती याचसाठी. रिंग झिजलेली नसते. ती दबून-दबून चपटीच राहू लागलेली असते. तिचा परत फुगण्याचा स्वभाव गेलेला असतो. पुष्कळ घरांत अशी रिंग थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवतात. थंडीने ती जराशी आकसते आणि एखाद-दोन वेळा भागते. पण गेलेला स्वभाव परत येत नाही.

घट सपाट झाला आणि कड जन्माला आली

१८८९ साली लुडविग मॉन्ड आणि कार्ल लँगर यांनी ग्रोव्ह यांच्या घटाची रचना बदलली. त्यांनी आम्ल मोकळे न ठेवता ते एका सच्छिद्र पडद्यात शोषवून घेतले, पडद्याच्या दोन्ही अंगांना छिद्रांचे पातळ प्लॅटिनम लावले आणि असे पडदे चौकटीत बसवून एकाशेजारी एक उभे केले. क्रियेचे क्षेत्र एकदम वाढले. आजचा इंधनघट दिसतो तो साधारण असाच. पण पालथ्या नळ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर द्रवाचा फुकटचा अडसरही गेला. घट सपाट झाला, की त्याला कड येते आणि कड आली, की ती बुजवावी लागते.

ही कड किती लांब असते, याचा हिशोब मुलांकडून वर्गात करून घेण्यासारखा आहे. समजा, घटाची पट्टी ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद आहे. तिची परिमिती ८० सेंटिमीटर झाली. प्रत्येक घटात पटलाच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन गॅस्केटे, म्हणजे १६० सेंटिमीटर. एका घटाचे तात्त्विक विद्युतदाब १.२३ व्होल्ट असले, तरी काम करताना ते साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच मिळते. म्हणून ६०-७० व्होल्ट हवे असतील, तर शंभर घटांची चळत रचावी लागते. शंभर घटांची कड झाली १६० मीटर! वायू आत-बाहेर नेणाऱ्या भोकांच्या कडा यात धरलेल्याच नाहीत. या १६० मीटरमध्ये केसाएवढी फट राहिली, तरी हायड्रोजनला ती पुरते. त्याचा रेणू सर्वांत हलका आणि फारच लहान. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो, हेही विसरून चालत नाही.

या अडचणीशी चिकाटीने झुंजलेला माणूस म्हणजे इंग्लंडचे अभियंते फ्रान्सिस टॉमस बेकन. १९३२च्या सुमारास त्यांनी इंधनघट मनावर घेतला. महाग प्लॅटिनमऐवजी त्यांनी निकेल आणि आम्लाऐवजी कॉस्टिक पोटॅश घेतले. मात्र निकेलकडून काम करून घ्यायचे, तर तापमान २०० अंश सेल्सियसच्या आसपास हवे आणि त्या तापमानाला पाणी उकळू नये म्हणून दाबही वातावरणाच्या कित्येक दहापट हवा. अशा तप्त क्षारात गुडइयर यांचे रबर टिकणे शक्य नव्हते. त्यामुळे कड बुजवणे हीच बेकन यांच्या कामातली एक मोठी डोकेदुखी होऊन बसली. ऑगस्ट १९५९मध्ये त्यांनी केंब्रिज येथे ५ किलोवॉटची चळत चालवून दाखवली. तिच्यावर वेल्डिंग केले, माल उचलणारी गाडी चालवली. कल्पनेपासून इथवर यायला सत्तावीस वर्षे लागली.

याच घटाची सुधारलेली आवृत्ती पुढे अपोलो यानांतून चंद्राकडे गेली. अमेरिकी अभियंत्यांनी क्षार अधिक संहत केला. त्यामुळे पाणी उकळण्याची भीती कमी झाली आणि दाब पुष्कळ खाली आणता आला. कडेवरचा ताणही आपोआप उतरला. कडेला रबराऐवजी टेफ्लॉन आले. हा पदार्थ रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अपघाताने सापडला होता. तप्त क्षाराला तो दाद देत नाही.

थंडीत ताठरलेली रिंग

रबराचा स्वभाव तापमानावर किती अवलंबून असतो, हा धडा जगाला २८ जानेवारी १९८६ रोजी मिळाला. त्या दिवशी चॅलेंजर हे अमेरिकेचे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दोष इंधनघटाचा नव्हता. बाजूच्या अग्निबाणाच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंगचा होता. सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. थंडीने रिंगचे परत फुगणे मंदावले, सांधा उघडला तेव्हा ती वेळेत मागे आली नाही आणि तप्त वायू बाहेर पडले. चौकशी आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून चिमटा सैल केला. तुकडा काही क्षण दबलेलाच राहिला.

इतका साधा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. मात्र एक सूचना. सगळी रबरे बर्फाच्या पाण्यात ताठरत नाहीत. फ्लोरिनयुक्त रबर ताठरते, सिलिकोन रबर फारसे ताठरत नाही. म्हणून वेगवेगळे तुकडे घेऊन तुलना करावी. 'रबर' ही एक वस्तू नसून एक मोठे कुटुंब आहे, हे मुलांना त्यातून कळेल.

आमची चूक

आता आमच्या चुकीची हकिकत. आम्ही आमच्या प्रयोगशाळेत पटलाचा घट बांधत होतो. या घटात आम्लाच्या जागी बहुवारिकाचे पातळ पटल असते. हायड्रोजनचे प्रोटॉन त्यातून पलीकडे जातात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात. असा घट बाहेर काही न जोडता नुसता ठेवला, तर तो एक व्होल्टच्या थोडे खाली दाखवतो. आमचा घट ०.८च्या वर जाईना.

आम्ही उत्प्रेरकावर संशय घेतला. नवा उत्प्रेरक केला. मग पटलावर संशय घेतला. दुसरे पटल आणले. आलेख काढले, चर्चा झाल्या, महिने गेले. शेवटी एका तंत्रज्ञाने सुचवले, की पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तसे काही करून बघू. आम्ही हायड्रोजनच्या बाजूला नायट्रोजनचा थोडा दाब दिला आणि दुसऱ्या बाजूची नळी पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात सोडली. बुडबुडे येऊ लागले. घट उघडून नीट पाहिला. कात्रीने हाताने कापलेले गॅस्केट एका कोपऱ्यात पटलाच्या कडेवर पुरते बसलेच नव्हते. तिथून हायड्रोजन पलीकडे जाऊन ऑक्सिजनशी परस्पर संयोग पावत होता. वीज न देता नुसती उष्णता देत होता.

चूक लहान होती, पण तिच्यामागची सवय लहान नव्हती. शोधनिबंध उत्प्रेरकावर लिहिले जातात, पटलावर लिहिले जातात. म्हणून दोष तिथेच असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. कडेचे काम आम्ही कात्रीवर सोडले होते. त्यानंतर साच्यात घडवलेले गॅस्केट करून घ्यायचे ठरले आणि आम्ही नागापूरला पोहोचलो.

"रबर दबत नाही, सरकतं"

नकाशा पाहून मिस्त्रींनी पहिला आक्षेप घेतला तो खाचेवर. पट्टीत रबर बसण्यासाठी आम्ही रबराच्या मापाचीच, एक मिलिमीटर रुंद खाच दाखवली होती. त्यांनी रबराचा एक तुकडा अंगठा आणि तर्जनीत दाबला. तो दोन्ही बाजूंना फुगला. म्हणाले, "रबराला जागा द्या साहेब. रबर दबत नाही, सरकतं."

भौतिकशास्त्रात आम्ही हेच वेगळ्या शब्दांत शिकलो होतो. रबराचा आकार सहज बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाही. एक मिलिमीटर उंच आणि एक मिलिमीटर रुंद वरंबी एक-चतुर्थांश दाबून ०.७५ मिलिमीटर उंचीची केली, तर छेदाचे क्षेत्रफळ तेवढेच राहण्यासाठी तिची रुंदी १.३३ मिलिमीटर व्हायला हवी. खाच एकच मिलिमीटर रुंद असेल, तर रबर जाणार कुठे? ते पट्टीलाच वाकवील. सूत्र आम्हाला पाठ होते. खाच मात्र चुकली होती.

दुसरी अडचण जाडीची. गॅस्केट जाड झाले, तर मधला वायू पसरवणारा कार्बन-कागद विद्युत-अग्राला नीट टेकत नाही आणि विजेला विरोध वाढतो. पातळ झाले, तर तो कागद चिरडतो आणि रबरावर पुरेसा दाबही येत नाही. म्हणजे एकाच बोल्टच्या पिळातून दोन गोष्टी साधायच्या असतात. त्यात भर गुणाकाराची. एका गॅस्केटमध्ये दोन शतांश मिलिमीटरचा फरक नगण्य वाटतो. शंभर घटांत नुसते एका बाजूचे धरले, तरी तो दोन मिलिमीटर होतो. शिवाय वायू आपल्या परीने पट्ट्या उघडायला पाहतोच. वर घेतलेल्या पट्टीचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर आहे. वातावरणापेक्षा एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका जादा दाब दिला, तर पट्ट्या दूर लोटणारे बल सुमारे ३०० किलोग्रॅम वजनाएवढे, म्हणजे तीन क्विंटल भरते.

गंधकाचे वैर

तिसरी अडचण रसायनाची आणि इथेच १८३९चे ते दोन शोध समोरासमोर येतात. मिस्त्रींनी विचारले, "रबर नेहमीचंच ना? गंधकाचं?" आम्हाला नाही म्हणावे लागले. गंधकाची संयुगे प्लॅटिनमला विषासारखी असतात. ती प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि हायड्रोजनला जागाच उरत नाही. गुडइयर यांनी ज्या गंधकाने रबराला वळण लावले, तोच गंधक ग्रोव्ह यांच्या प्लॅटिनमला निकामी करतो. महिनोन्महिने ऊब आणि ओलावा मिळाला, की रबरातले उरलेसुरले गंधक पाझरून उत्प्रेरकापर्यंत पोहोचू शकते.

म्हणून रबराचे दोरे गंधकाऐवजी पेरॉक्साइडने टाचावे लागतात. तशा पद्धतीने केलेले इपीडीएम रबर आम्लाला आणि पाण्याला चांगले तोंड देते. सिलिकोन रबर मऊ असते, साच्यात सहज ओतता येते, थंडीलाही भीत नाही. पण घटातल्या आम्लधर्मी ओलाव्यात त्याची साखळी हळूहळू तुटते आणि त्यातले सिलिकॉन पटलात आणि उत्प्रेरकात जाऊन बसते. त्यातून वायूही तुलनेने सहज झिरपतात. फ्लोरिनयुक्त रबर रसायनांना दाद देत नाही; पण ते महाग आणि थंडीत ताठ. प्रत्येकात काही कमी, काही जास्त. घट कुठे चालणार आहे, हे आधी ठरवल्याशिवाय पॅकिंग ठरत नाही.

आमचे पहिले पेरॉक्साइडचे गॅस्केट साच्यातून निघाले, तेव्हा मिस्त्रींनी ते नाकाशी धरले आणि म्हणाले, "याला गोडसर वास येतोय." वास खरोखरच येत होता, टाचणी झाल्यावर पेरॉक्साइडचे जे अवशेष उरतात, त्यांचा तो वास. तेही घटात जाऊ नयेत म्हणून गॅस्केटे भट्टीत पुन्हा काही तास तापवावी लागली.

महाराष्ट्रातले प्रयत्न

हे प्रश्न फक्त परदेशी प्रयोगशाळांचे नाहीत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि तमिळनाडूतील कारैकुडीची केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था या सीएसआयआरच्या दोन संस्थांनी २०१६ साली पुण्याच्या केपीआयटी कंपनीबरोबर मोटारीसाठी पटलाचा इंधनघट बनवायचे काम हाती घेतले. ऑक्टोबर २०२०मध्ये या घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाल्याचे जाहीर झाले. घट १० किलोवॉटचा आणि त्याचे तापमान ६५ ते ७५ अंश सेल्सियस. त्या वेळच्या सरकारी निवेदनात कामाची वाटणी नोंदवली आहे. पटल आणि विद्युत-अग्रे यांचे ज्ञान सीएसआयआरचे; आणि हलक्या धातूच्या पट्ट्या, तसेच गॅस्केटची रचना केपीआयटीची. बातम्यांमध्ये गॅस्केटचा उल्लेख क्वचितच आला, पण निवेदनात तो आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. अतिशय पातळ धातूच्या पट्ट्या वापरल्यामुळे चळतीचे वजन सुमारे दोन-तृतीयांशाने घटले, असेही त्यात म्हटले होते. पट्टी जितकी पातळ, तितकी ती रबराच्या रेट्याने वाकण्याची भीती अधिक. म्हणजे वजनातली ही बचत कडेच्या रचनेवर मोठी जबाबदारी टाकते. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी तयार केलेल्या इंधनघटाच्या बसचे उद्घाटन झाले.

त्याआधी २६ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते ५ किलोवॉटच्या, अधिक तापमानाला चालणाऱ्या देशी इंधनघट संचाचे अनावरण झाले होते. सीएसआयआरच्या संस्थांबरोबर पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची रिलायन्स या कंपन्या त्यात सहभागी होत्या.

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे पाणबुडीसाठी फॉस्फरिक आम्लाचा इंधनघट विकसित झाला. बॅटऱ्या भरण्यासाठी डिझेल पाणबुडीला वारंवार पृष्ठभागाजवळ यावे लागते. इंधनघट असेल, तर ती अधिक काळ खाली राहू शकते. ८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेच्या जमिनीवरील नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स यांचा त्यात सहभाग होता. बंद पाणबुडीत माणसे राहतात, तिथे हायड्रोजनची गळती म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि इथे गॅस्केटला दीडशे ते दोनशे अंशांच्या तप्त आम्लाजवळ टिकायचे असते.

जानेवारी २०२३मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. हायड्रोजन करणाऱ्या विद्युत-अपघटन यंत्रांनाही अशाच कडा असतात आणि अशीच पॅकिंगे लागतात. ती बाहेरून आणायची, की आपल्या साच्यांतून काढायची, हा प्रश्न नागापूरसारख्या ठिकाणच्या लहान शेडचाही आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

ग्रोव्ह यांचा प्रयोग शाळेत अगदी थोड्या खर्चात करता येतो. दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात उभ्या करा. (मीठ वापरू नका, क्लोरीन तयार होतो.) नऊ व्होल्टची बॅटरी दोन-तीन मिनिटे जोडा. शिशांवर बुडबुडे धरतील. बॅटरी काढून लगेच व्होल्टमीटर जोडा. काटा वर जाईल आणि हळूहळू उतरेल. शिशांना चिकटलेले वायू परत संयोग पावून वीज देत आहेत. जवळ ज्योत मात्र नको.

मग मुलांना विचारा, काटा का उतरतो? एक उत्तर मिळेल, की वायू संपला. दुसरे मिळेल, की वायू निसटून गेला. दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्या उत्तरावर थांबा आणि विचारा, की वायू निसटू नये म्हणून काय कराल? कोणी झाकण सुचवील, कोणी फुगा, एखादी मुलगी कुकरच्या रिंगचे नाव घेईल. तिला घरातली जुनी आणि नवी रिंग आणायला सांगा. दोन्ही दाबून पाहू द्या, जाडी मोजू द्या.

आमचा घट पुढे ०.९५ व्होल्टवर स्थिर झाला. त्या दिवशी आम्ही नागापूरला फोन केला. मिस्त्रींनी ऐकून घेतले आणि विचारले, "खाच रुंद केली ना?" केली होती.